फोन माळ्यावर, मन थाऱ्यावर

बालमित्रांनो,

दिवाळीचा फराळ संपला, किल्ल्यावरचे मावळे पुन्हा खोक्यात जाऊन बसले आणि शाळेची घंटा वाजू लागली. आमच्या शाळेत सध्या हस्तलिखिताची धांदल चालू आहे. हस्तलिखित म्हणजे मुलांनी स्वतः लिहिलेला आणि स्वतः चित्रं काढून सजवलेला अंक. कुणी गोष्ट लिहितंय, कुणी कविता करतंय, कुणी कोडी रचतंय. तुमच्याही शाळेत असा अंक निघत असेल.

अंकासाठी लिहायला किंवा काढायला घरी बसलं की काय होतं, ते आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीवरून सांगते. तिचं नाव नको, आपण तिला चिमणी म्हणू. चिमणीला एक झकास कल्पना सुचली होती. शाळेत खिचडी शिजते त्या खोलीत एक मुंगी राहते आणि तिला एकदा तरी शाळेची घंटा जवळून बघायची आहे! वर्गात तिने ही कल्पना सांगितली तेव्हा सगळी मुलं खूश. शनिवारी ती गोष्ट लिहायला बसली. चार ओळी झाल्या. मग वाटलं, मुंगीचं चित्र कसं काढायचं ते जरा मोबाईलवर बघू. मुंगी सापडली. मुंगीखाली हत्ती सापडला, हत्तीखाली कुणीतरी पाच मिनिटांत काढलेला हुबेहूब वाघ, वाघाखाली आणखी काही. आईने जेवायला हाक मारली तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

वेळ गेला तर गेला, रविवार होताच की! पण सोमवारी चिमणी कोरी वही घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझी गोष्ट राहू दे. मोबाईलवर सगळ्यांचं किती छान असतं. मला नाही तसं येत."

मुलांनो, मला काळजी वाटली ती या वाक्याची. तासभर वाया गेला तर तो उद्या भरून काढता येतो. पण "मला येत नाही" असं एकदा मनात बसलं की वही उघडावीशीच वाटत नाही. आणि ती मुंगी तर मोबाईलवर कुठेच नव्हती. ती फक्त चिमणीच्या डोक्यात होती. चिमणीने लिहिली नसती, तर ती कुणालाच भेटली नसती.

आता प्रश्न असा, की चिमणी आळशी आहे का? मुळीच नाही. मग मोबाईल हातात घेतला की सुटत का नाही? त्याला कारणं आहेत. दोन सांगते.

पहिलं कारण. गोष्टीच्या पुस्तकाला शेवटचं पान असतं. तिथे आपण थांबतो, "आता काय करू?" असं स्वतःला विचारतो. मोबाईलवर मात्र बोट वर सरकवत राहिलं की नवं नवं येतच राहतं. तळ लागतच नाही. ही युक्ती २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने तयार केली. पुढे त्यांनीच आपल्याला याचं वाईट वाटतं असं जाहीरपणे सांगितलं. थांबायची जागाच काढून टाकली, तर माणूस थांबणार कुठे?

दुसरं कारण कबुतरांचं आहे. हसू नका! अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले आणि १९५७ साली चार्ल्स फर्स्टर यांच्यासह त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. पेटीतल्या कबुतराने एका चकतीवर चोच मारली की कधी दाणा मिळायचा, कधी नाही. केव्हा मिळेल याचा नेम नाही. अशा वेळी कबुतर चोच मारतच राहायचं. दाणे येणं अगदी बंद झालं, तरी बराच वेळ मारत राहायचं. आपलंही तसंच नाही का? मोबाईल उघडला की कधी मजेदार व्हिडिओ, कधी मैत्रिणीचा निरोप, कधी काहीच नाही. "आता असेल, आता असेल" म्हणून बोट पुन्हा तिथेच जातं.

बरं, तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही फक्त दोन मिनिटं बघतो. दोन मिनिटांनी काय होतंय?" आई भाकरी करते ते बघितलंय ना? तवा चांगला तापल्याशिवाय भाकरी नीट भाजली जात नाही. समजा, दर भाकरीनंतर कुणी तवा खाली उतरवून ठेवला, तर? पुन्हा तापवा, पुन्हा थांबा. दहा भाकऱ्यांना दुपार उलटेल. मनाचंही तसंच आहे. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली लिहिलेल्या निबंधात हेच दाखवलं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, की मनाचा थोडा भाग पहिल्या कामातच रेंगाळतो. म्हणजे मोबाईल ठेवून तुम्ही वहीकडे वळता, पण मनाचा एक तुकडा त्या हुबेहूब वाघापाशीच बसलेला असतो!

यावर मोठी माणसं म्हणतात, "मनावर ताबा ठेवा." म्हणायला सोपं आहे. पण समोर करंज्यांचा डबा उघडा ठेवायचा आणि "खाऊ नकोस हं" म्हणायचं, हे काही खरं नाही. त्यापेक्षा डबाच फडताळात वर ठेवला तर?

असाच एक प्रयोग अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ ८०० जणांना लक्ष देऊन सोडवायचे प्रश्न दिले. काहींचा फोन समोर टेबलावर पालथा ठेवलेला, काहींचा खिशात किंवा पिशवीत आणि काहींचा दुसऱ्याच खोलीत. सगळ्यांच्या फोनचा आवाज बंद. सगळ्यांत चांगलं कुणाला जमलं? ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांना. आणि गंमत म्हणजे, "फोनचा विचार मनात आला का?" असं विचारल्यावर बहुतेकांनी "नाही" सांगितलं. नंतर इतरांनी असे प्रयोग केले, तेव्हा प्रत्येक वेळी असंच उत्तर आलं नाही, हेही सांगायला हवं. म्हणून नुसतं ऐकू नका, स्वतःवर करून बघा. एक दिवस फोन शेजारी ठेवून वीस मिनिटं चित्र काढा, दुसऱ्या दिवशी फोन दूर ठेवून. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

ही युक्ती काही आजची नाही. फ्रान्समध्ये व्हिक्टर ह्यूगो नावाचे थोर लेखक होऊन गेले. १८३० साली त्यांना एक कादंबरी वेळेत पूर्ण करायची होती. तेव्हा फोन कुठला? पण भेटीगाठी आणि बाहेरची बोलावणी होतीच. त्यांच्या पत्नीने आठवणींत लिहिलंय, की त्यांनी शाईची एक बाटली आणली, अंगभर येणारा राखाडी लोकरीचा पोशाख आणला आणि बाहेर जायचे सगळे कपडे कुलपात टाकले. कपडेच नाहीत, तर जाणार कुठे? १८३१ साली ती कादंबरी प्रसिद्ध झाली. नोत्रदामच्या चर्चमधल्या कुबड्या घंटावाल्याची ती कथा आजही जगभर वाचली जाते. एवढ्या मोठ्या लेखकानेही नुसत्या मनाच्या ताब्यावर विसंबून न राहता कुलूप वापरलं, बरं का!

आणि आपल्या महाराष्ट्रात तर एका अख्ख्या गावाने असं करून दाखवलं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत ते उघडायचे नाहीत. दीड तास अभ्यास, वाचन, गप्पा. यातली खरी गोम कळली का? एकट्या मुलाने फोन बंद केला आणि शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू असला, तर त्या मुलाचं मन तिकडेच जाणार. सगळ्यांनी मिळून केलं की सोपं जातं.

आपल्या घरी भोंगा नाही. मग काय करायचं? आमच्या वर्गाने ठरवलेले पाच नियम सांगते.

एक. बसण्याआधी आज काय करायचं ते एका ओळीत लिहा. "गोष्ट लिहीन" असं मोघम नको. "मुंगी दारापर्यंत पोचते तिथपर्यंत लिहीन" असं नेमकं लिहा.

दोन. फोन दुसऱ्या खोलीत. घर एका खोलीचं असेल तर माळ्यावर, फडताळात किंवा आजीच्या पिशवीत. उठून, स्टूल घेऊन काढावा लागेल अशा जागी.

तीन. मध्येच काही बघावंसं वाटलं, तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवा आणि पुढे चला. काम संपल्यावर सगळे प्रश्न एकदम शोधा. त्यातले निम्मे तर फोनशिवायच सुटतात. बैलाचा खूर कसा असतो? गोठ्यात जाऊन बघा, मधोमध दुभंगलेला दिसेल. मुंगी? ती तर ओट्यावरच आहे!

चार. पहिली दहा मिनिटं कंटाळा येणारच. काही सुचणार नाही. घाबरू नका, तवा तापतोय. पेन्सिल हातात ठेवा आणि जागेवरून उठू नका.

पाच. वीस मिनिटांनी थांबायचं, पण पुढे काय लिहायचं ते माहीत असतानाच थांबायचं. अर्नेस्ट हेमिंग्वे हे नोबेल पारितोषिक मिळवणारे लेखक असंच करत. दुसऱ्या दिवशी वही उघडली की "आता काय लिहू?" असं होत नाही. गाडी उतारावर लावून ठेवल्यासारखी चटकन सुरू होते.

याचा अर्थ इंटरनेट वाईट, असा करू नका हं. घरबसल्या जगातली संग्रहालयं आणि आकाशातले ग्रह त्यामुळेच दिसतात. पण बघायची वेळ वेगळी आणि करायची वेळ वेगळी. ताटात दोन्ही कालवलं की चव कशालाच राहत नाही.

आता पालकांसाठी थोडंसं. पालकहो, मुलं चित्र काढत असताना आपण कौतुकाने म्हणतो, "थांब, फोटो काढते, स्टेटसला ठेवते." हेतू चांगलाच असतो. पण त्यानंतर मूल चित्राकडे बघत नाही, किती जणांनी बघितलं ते मोजू लागतं. चित्र पुरं होईपर्यंत फोटो नको. पुरं झाल्यावरसुद्धा आधी विचारा, "यात काय काय आहे ते मला सांग." आणि त्या वीस मिनिटांत आपलाही फोन माळ्यावर जाऊ द्या. "तू अभ्यास कर, मी जरा बघतो" हे मुलांना पटत नाही. आणि का पटावं? शाळेचा निरोप व्हॉट्सॲपवर आला असेल, तर तो कागदावर उतरवून मुलाच्या हाती द्या. निरोप कळतो आणि फोनही मुलाच्या हाती जात नाही.

आणि हो, चिमणीच्या मुंगीचं काय झालं? शाळा सुटल्यावर वर्गातच वीस मिनिटं बसायचं, असं आम्ही ठरवलं. पहिल्या दिवशी तिने पाच ओळी लिहिल्या आणि त्यातल्या तीन खोडल्या. दुसऱ्या दिवशी सात झाल्या. आठवडाभरात दीड पान भरलं. मुंगी घंटेपर्यंत पोचली, तेवढ्यात शिपाईमामांनी टोल दिला आणि ती थेट खाली, मुख्याध्यापकांच्या टोपीत! गोष्टीत दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत आणि मुंगीला चित्रात आठ पाय आहेत. खरे पाय सहा असतात, ते ती आता चिटोऱ्यावर लिहून ओट्यावर मोजून येणार आहे. हस्तलिखितात तिची गोष्ट तिसऱ्या पानावर लागली आहे.

या आठवड्याचा उपक्रम: रोज वीस मिनिटं, सलग पाच दिवस, एकच काम. गोष्ट, चित्र, मातीचं भांडं, पेटीवरची एखादी धून, काहीही चालेल. सुरुवातीला फोन माळ्यावर ठेवल्याची वेळ वहीच्या कोपऱ्यात लिहा आणि खाली काढल्याचीही. आणि जे तयार होईल ते कसंही असो, फाडू नका. तारीख घालून जपून ठेवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर, स्टूल कुठे आहे ते शोधा पाहू!

तुमच्या,
बाई