फिरणारा पंखा आणि हरवलेला सेल

यंदाच्या ईदीतून माझ्या भाच्याने विमान विकत घेतलं. उडणारं नव्हे, कपाटात मांडून ठेवायचं. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायचं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातलं हे लढाऊ विमान त्याला माहीत झालं ते त्याच्या नानांमुळे, म्हणजे आमच्या अब्बांमुळे. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांनी तरुणपणी हरिकेन आणि स्पिटफायर चालवली, पुढे १९७८ ते १९८१ ते हवाई दलप्रमुख होते आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, हे अब्बा दर ईदला एकदा तरी सांगतातच.

"खाला, याचा पंखा खरोखर फिरला पाहिजे," भाचा म्हणाला. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

खऱ्या स्पिटफायरच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटरच्या आसपास. बहात्तरने भागलं की साडेचार सेंटिमीटर येतात. विमानाचं नाक आतून जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. एवढ्या जागेत बसणारी मोटर खेळण्यातल्या छोट्या ड्रोनमध्ये मिळते. ती सहा-सात मिलिमीटर जाडीची असते. जुन्या मोबाइलला थरथर आणणारी मोटर तर त्याहूनही बारीक, पण तिच्या दांड्यावरचं एका बाजूला जड असलेलं वजन काढून टाकावं लागतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आम्ही दोन्ही आणल्या. बॅटरीसाठी चार बटण सेल घेतले. चपटे असल्यामुळे ते विमानाच्या पोटातच मावतील, असा आमचा हिशोब.

विमानाचे दोन अर्धे भाग चिकटपट्टीने धरून आम्ही सेल जोडला. पंखा भर्रकन फिरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दोन-तीन मिनिटांत तो मंदावून थांबला. दुसरा सेल लावला, तोही तसाच. चूक माझी होती. बटण सेल घड्याळासारख्या थोडक्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी असतो. मोटरीची भूक त्याला भागवता येत नाही.

रात्री जेवणानंतर मी सामान आवरायला बसले तर चारांपैकी तीनच सेल सापडले. दीड वर्षाची भाची दुपारभर त्याच चटईवर रांगत होती.

आपाने मला एकदाच विचारलं, "किती वेळ झाला असेल?" मला सांगता येईना. आम्ही शोधत बसलो नाही. मुलीला उचललं, सेलचं रिकामं पाकीट बरोबर घेतलं आणि रिक्षाने थेट दवाखाना गाठला. एक्स-रे निघेपर्यंत आपा एक शब्द बोलली नाही. पोटात, घशात काही नव्हतं. घरी आलो तेव्हा अब्बा दारातच उभे होते. चौथा सेल त्यांच्या चपलेत सापडला होता.

ही धावपळ उगाच नव्हती. वीस मिलिमीटर रुंदीचा बटण सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि आतली त्वचा भाजत जाते. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. सेल "संपलेला" असला तरी धोका टळत नाही, कारण मोटर फिरवायला अपुरी पडणारी वीज इजा करायला पुरते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न करू नये, पोटदुखी सुरू होण्याची वाट पाहू नये. सरळ दवाखान्यात जावं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने विमान डब्यात भरून ठेवलं. "नको खाला, आता राहू दे." आपाच म्हणाली, "का राहू दे? नीट कर."

मग नीट केलं. बॅटरी विमानाच्या पोटातून बाहेर काढली आणि खालच्या लाकडी बैठकीत ठेवली. साधा पेन्सिल सेल, एकच, दीड व्होल्टचा. त्याची डबी झाकणाला स्क्रू असलेली घेतली, म्हणजे पेचकसाशिवाय ती उघडत नाही. बैठकीतून पितळेची बारीक नळी वर काढून तिच्यावर विमान बसवलं आणि जुन्या इअरफोनच्या दोन तारा नळीतून मोटरीपर्यंत नेल्या. बटण बैठकीच्या मागच्या बाजूला.

ज्यांच्या घरी असं विमान होणार आहे, त्यांच्यासाठी आम्ही चुकत चुकत शिकलेल्या चार गोष्टी सांगते. दोन अर्धे भाग एकदा चिकटले की आत हात जात नाही, म्हणून मोटर, तारा, सगळं आधी चालवून पाहा. तारांना डाग मोटर बाहेर असतानाच द्या, नाहीतर उष्णतेने प्लॅस्टिक वितळतं. प्लॅस्टिक जोडायचं द्रव मोटरीजवळ नेऊ नका. आमची पहिली मोटर त्यानेच जाम झाली. दुसरी आम्ही कागदाच्या नळीत घट्ट बसवली आणि नाकाचा पुढचा तुकडा न चिकटवता नुसता दाबून ठेवला. अशा मोटरी आज ना उद्या झिजतात, तेव्हा ती बदलता आली पाहिजे.

पंखा बसवण्यापूर्वी मधल्या भोकात टाचणी घालून तो आडवा धरा. जे पातं दरवेळी खाली येतं ते जड. मागच्या बाजूने बारीक पॉलिश पेपरने ते किंचित घासा. तोल नसलेला पंखा सगळं विमान थरथरवतो आणि सांधे उकलतात.

पंखा कुठल्या दिशेने फिरावा, यावर आमच्याकडे वाद झाला. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा वैमानिकाच्या आसनावरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, नंतरच्या ग्रिफन इंजिनाच्या विमानांचा उलटा. आपल्या हवाई दलाने दोन्ही प्रकार वापरले, म्हणून आधी आपलं विमान कुठलं ते बघा. पातळ कागदाची पट्टी पंख्यामागे धरा. ती शेपटीकडे उडाली तर दिशा बरोबर. नाहीतर मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करा, काम झालं.

आणि वेगाचा मोह टाळा. तीन व्होल्टवर पंखा इतका जोरात फिरतो की पाती दिसेनाशी होतात, नुसती गुणगुण ऐकू येते. दीड व्होल्टवर गोल, धूसर चकती दिसते, खऱ्या विमानाच्या फोटोत दिसते तशी.

विमान आता दिवाणखान्यातल्या उंच फळीवर आहे. संध्याकाळी भाचा बटण दाबतो, तेव्हा भाची खालून बोट दाखवून "पंका, पंका" म्हणते. परवा त्यातला सेल संपला. भाच्याने पेचकस आणला, जुना सेल काढून नवा घातला, स्क्रू आवळला आणि जुना सेल मुठीत घेऊनच माझ्याकडे आला. "खाला, मोजून घे," म्हणाला, "एक आत, एक माझ्या हातात."