जुन्या फायबर होडीचं करायचं काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यात सकाळची ऑफिसची मीटिंग चालू होती आणि फोन वाजला. सागरी पोलीस. "तुमच्या वडिलांच्या नावाची होडी इकडे किनाऱ्याला लागलीय. आत माणूस नाही. वडील कुठे आहेत?"

मी म्हटलं, "साहेब, अब्बांचा इंतकाल होऊन तीन वर्षं झाली."

"मग होडी वापरतं कोण?"

कोणीच नाही, हे खरं उत्तर होतं. पण ते सांगताना माझा आवाज थोडा कापला. आपल्यासारखं नाव असलेल्या माणसाला बेवारस होडीबद्दल पोलिसांचा फोन आला की पोटात गोळा येतो. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते वेगळं सांगायला नको.

हवालदार नीटच बोलले, आणि त्यांचं विचारणं रास्त होतं. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही पळवलेली मासेमारी बोट घेऊन आले होते. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी नौका लागली, आत एके-४७ रायफली सापडल्या आणि रायगडात नाकाबंदी झाली. नंतर कळलं की नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बंद पडल्यावर समुद्रात सोडून दिलेली. घातपात नव्हता. पण रिकामी होडी किनाऱ्याला लागली की पोलीस आधी नंबर बघणार, मग नाव. आमच्या होडीवर नंबर होता आणि नाव अब्बांचं होतं. तीन वर्षं आम्ही चार भावंडांनी ती खाडीच्या चिखलात तशीच सोडली होती. चूक आमची होती.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठाला आमचं गाव. आजोबांची होडी लाकडी होती. ती म्हातारी झाली तेव्हा तिचे खिळे काढले, फळ्या फोडल्या आणि दोन पावसाळे न्हाणीच्या चुलीत घातल्या. विषय संपला. अब्बांनी घेतली ती अठ्ठावीस फुटी फायबरची. हलकी, गळत नाही, दरवर्षी फटी बुजवायची कटकट नाही. अब्बांना तिचं मोठं कौतुक. नाळेवर माझ्या बहिणीचं नाव रंगवून घेतलेलं. या होडीचा शेवट कसा करायचा हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, अनुदान देणाऱ्याने सांगितलं नाही, आणि घेणाऱ्यानेही विचारलं नाही.

फायबर म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. हे रेझिन थर्मोसेट जातीचं. बादलीचं प्लास्टिक वितळवून पुन्हा बादली करता येते. इथे तसं नाही. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसं एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा पातळ होत नाही. म्हणून भंगारवाला इंजिन नेतो, शाफ्ट नेतो, पितळ-स्टील नेतो आणि टनभराचं रिकामं खोकं तुमच्या दारात ठेवून जातो.

गावातून सल्ले भरपूर आले. चाचांचा मुलगा म्हणाला, "एक बाटली डिझेल ओत आणि काडी लाव. सगळे तेच करतात." खरं आहे, करतात. काळा धूर दिवसभर वस्तीत फिरतो, त्यात स्टायरिन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि रेझिन जळाल्यावर काच तशीच उरते. मोकळी झालेली ती कुसं वाऱ्याबरोबर अंगणात वाळत घातलेल्या मासळीवर बसतात. वर, कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. दंड होतो का, हा प्रश्न निराळा.

दुसरा सल्ला, रात्री ओढत नेऊन खोल पाण्यात बुडवायची. यातलं पहिलं नुकसान आपल्याच माणसांचं आहे, कारण जाळी कुणाची फाटणार? दुसरं हळूहळू होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चिचेस्टर बंदरात ब्रायटन आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी कालवं आणि शिंपले तपासले. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. कालवांमध्ये किलोमागे ११,२२० पर्यंत काचेचे कण निघाले. जुन्या फायबर बोटी आणि त्यांची उघड्यावर होणारी दुरुस्ती हे कारण त्यांनी पुढे ठेवलं. आमच्या गावच्या बायका ओहोटीला खडकांवर कोयता घेऊन कालवं काढायला जातात. ती वाटी माझ्या ताटात येते. बुडवायचा विषय मी तिथेच बंद केला.

मग कागदांपासून सुरुवात केली. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि खरा धोका तिथेच आहे. होडी मोडून टाकली तरी नोंदणी जिवंत असेल, तर सरकारच्या लेखी ती समुद्रात आहे. अब्बांच्या नावावर दोन गोष्टी होत्या: बोटीची नोंदणी, जी आता रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीत दिसते, आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालचा परवाना. दोन्ही बंद करायला हवेत. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची लेखी संमती, मच्छीमार सोसायटीचं पत्र, कर्ज बाकी नसल्याचा कागद, होडीचे चारही बाजूंनी नंबर दिसेल असे फोटो, असं बाड घेऊन मी गेलो. काउंटरवरचे गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले, "नवीन होडीचे अर्ज रोज येतात. होडी संपली म्हणून आलेले तुम्हीच." अर्जाची पोच मात्र मी शिक्क्यासकट घेतली. पाहणी होईपर्यंत होडीला हात लावायचा नाही, नंबर खरवडायचा नाही. नंबर आधी खरवडला तर तो पुरावा नष्ट केल्यासारखा दिसतो.

वारसांवरून आठवलं. इंजिन विकून पैसे आले ते अब्बांचा तरका होता. गावात रीत अशी की होडीचा पैसा मुलगे वाटून घेतात आणि बहिणींना विचारतही नाहीत. आमच्याकडेही तेच होऊ घातलं होतं. संमतीपत्रावर बहिणींच्या सह्या लागणार म्हटल्यावर हिशोब समोर आला आणि हिस्से पोहोचले. सरकारी कागदामुळे शरीयतचा हिस्सा मिळाला, यावर अम्मी बराच वेळ हसत होती. इंजिन विकताना त्याचा नंबर घालून पावती करा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा.

कापण्याआधी होडी रिकामी करावी लागते. टाकीतलं डिझेल काढलं. तळाशी साचलेलं तेलकट पाणी चिंध्यांनी टिपलं, खाडीत उपसलं नाही. जुनी बॅटरी दुकानदाराने परत घेतली, तिचे थोडे पैसेही आले. होडीवर संकटसंदेश पाठवणारं डॅट यंत्र असेल तर ते बंद करून ज्यांनी दिलं त्यांना परत करायचं. भंगारात पडलेलं यंत्र चुकून चालू झालं तर तटरक्षक दल कुणाच्या तरी शोधात निघेल.

आणि कापणं. हे काम अंगावर घेऊ नका असंच मी सांगेन, पण कोकणात शेवटी करतात ते घरचेच. माझा मामेभाऊ आला तो लुंगी-बनियनवर, हातात ग्राइंडर. मी त्याला परत पाठवलं. फायबरची धूळ त्वचेत शिरली की खाजकुयलीसारखी चार दिवस सोडत नाही, आणि छातीत गेलेली तर धुताही येत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, बंद गॉगल, एन-९५ मास्क एवढं तरी हवंच, रुमाल बांधून भागत नाही. वारा पडलेला दिवस बघितला. भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर ताडपत्री अंथरली. ग्राइंडर बारीक धूळ उडवतो, म्हणून मोठ्या दात्यांची हातकरवत वापरली आणि कापायच्या रेषेवर पाणी शिंपडत राहिलो. विजेचं यंत्र वापरायचं असेल तर पाण्याचा हा खेळ करू नका. मुलांना लांब ठेवलं. दोन दिवस गेले. ताडपत्रीवरचा भुगा ओला असतानाच पोत्यात भरला. ज्या तुकड्यावर बहिणीचं नाव होतं तो तिने मागून घेतला.

आता पोती आहेत. ती न्यायची कुठे?

कागदावर उत्तर आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ सांगतात की थर्मोसेट कचऱ्याची विल्हेवाट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे लावायची. मंडळाने त्याच वर्षी फायबरसह थर्मोसेटची मार्गदर्शिका काढली आणि त्यात सिमेंटच्या भट्टीचा मार्ग सांगितला. मार्ग उत्तम आहे. भट्टीत माल चौदाशे अंशांच्या वर तापतो. रेझिन इंधन म्हणून जळतं, काचेतली वाळू, चुना आणि ॲल्युमिना सिमेंटच्याच कामाला येतात, राख उरत नाही. जर्मनीत पवनचक्क्यांची जुनी पाती अशीच जिरवली आहेत. जपानने २००५ मध्ये फायबर होड्यांसाठी अशी व्यवस्था उभी केली. फ्रान्समध्ये २०१९ पासून जुनी बोट मोडून घ्यायला पैसे पडत नाहीत, मालक फक्त वाहतूक करतो. खर्चाचा वाटा नवी बोट बनवणाऱ्यांकडून आधीच घेतलेला असतो.

आपल्याकडे भट्ट्या आहेत त्या चुनखडीच्या मुलखात: चंद्रपूर, यवतमाळ, खाली कर्नाटकात बागलकोट, कलबुर्गी. होड्या आहेत कोकणात. मी एका सिमेंट कंपनीत फोन केला. माणूस सज्जन होता. म्हणाला, घेऊ, पण तुकडे ठरावीक मापाचे हवेत, आणि दहा पोत्यांसाठी कोणी कागद रंगवत नाही, ट्रकभर आणा.

माझं भांडण इथे आहे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्या होडीच्या जागी नवी होडी घ्यायला अनुदान आहे. "जुन्या होडीच्या जागी" हे शब्द तिथे आहेतच. मग ती जुनी होडी गेली कुठे, एवढं विचारायला काय हरकत आहे? जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडली की प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीला सवलत मिळते. होडीला का नाही? प्रत्येक मोठ्या बंदरावर एक जागा, एक तुकडे करणारं यंत्र, वर्षातून दोनदा भट्टीकडे जाणारा ट्रक. जेटीच्या खर्चापुढे हे किरकोळ आहे. होडी जमा केल्याची पावती दाखवली की नोंदणी तिथल्या तिथे बंद. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुना सर्व्हर बंद करताना कोणाची खाती त्यावर आहेत ते आधी तपासतो आणि मग नोंदीतून काढतो. त्यात हुशारी काही नाही, ती रोजची शिस्त आहे. होड्यांच्या बाबतीत आपण सर्व्हर खाडीत ढकलून घरी येतो.

सरकार करेल तेव्हा करेल म्हणून बसणं मला पटत नाही. आणि भाड्याचा ट्रक एकट्याला परवडत नाही, हेही खरं. ईदला गावी गेलो तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांनी चालत गेलो आणि मोजल्या: चौदा होड्या चिखलात पडल्यात. आमच्या मोहल्ल्याच्या नऊ, पलीकडच्या कोळीवाड्याच्या पाच. जुम्म्यानंतर जमातीच्या हॉलमध्ये विषय काढला. अर्ध्या लोकांनी विचारलं, यात आपल्याला मिळणार काय? एका चाचांनी मात्र हळूच विचारलं, "माझ्या भावाच्या नावाची एक आहे. तो कुवेतला वारला. त्याचा कागद कोण करेल?"

त्या चौदा होड्यांची यादी माझ्या लॅपटॉपवर आहे. नंबर, मालक, वारस, कर्ज, फोटो. सात जणांचे अर्ज भरून झाले, त्यातले तीन कोळीवाड्यातले. सोसायटीच्या चेअरमननी ट्रकच्या निम्म्या भाड्याचं तोंडी कबूल केलंय. आमची पोती घरामागच्या मांगरात ताडपत्रीखाली आहेत, आणि अम्मी दर फोनला विचारते, ती कधी नेणार.