कोल्ड ब्रू आणि आपला हिम

उन्हाळा सुरू झाला की माधवनगरसारख्या गावातही अलीकडे चिकित्सालयात एक नवा प्रश्न कानी पडतो : "डॉक्टर, कोल्ड ब्रू कॉफी थंडच ना? मग पित्ताला चालेल?" भरड दळलेली कॉफी आठपट गार पाण्यात बारा ते सोळा तास भिजवावयाची आणि गाळून प्यावयाची, हा प्रकार तरुण मंडळी घरीच करू लागली आहेत.

ही कृती ऐकताच वैद्यबंधूंना शार्ङ्गधरोक्त हिमाचे स्मरण होईल. एक पल, म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम भरड, सहा पल पाण्यात रात्रभर भिजवून प्रातःकाळी गाळावी. मात्रा दोन पल. कृती तीच, परंतु कल्पना शीत म्हणून द्रव्य शीत ठरत नाही. उकळी टळल्याने कॉफीची आंबट-कडवट चव सौम्य होते, कॅफीन मात्र गार पाण्यातही उतरते. म्हणून अम्लपित्त व अनिद्रेच्या रुग्णास ती गरम कॉफीइतकीच जपून घ्यावयास सांगणे आम्हांस इष्ट वाटते.

खरा विचार करावयाचा तो आपण. कॉफीसाठी सोळा तास थांबणारा मनुष्य रात्री धनेही भिजत घालील. त्यास कोणी सांगावयास हवे. अंतर्दाह व तृष्णेवर साखर घातलेला धान्यक हिम शास्त्राने सांगितला आहे. वाळा, चंदन यांचा सुगंधी अंश उकळताना वाफेबरोबर उडून जातो. तेथे हिमच योग्य. तरीही आपल्या व्यवहारात काढे आणि सिरप उरले, हिम मागे पडला. कारण तो टिकत नाही, बाटलीत भरून विकता येत नाही.

आमच्या मते हीच औषधालयांची संधी आहे. २४ ग्रॅम भरडीच्या पुड्या बांधाव्यात. सूक्ष्म चूर्ण नको. ते नीट गाळले जात नाही. पुडीवर स्पष्ट छापावे : उकळून गार केलेले दीडशे मिलिलिटर पाणी घ्यावे, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवावे, सकाळी गाळून लगेच प्यावे, उरलेले टाकावे. अग्निमांद्य, कफविकार व नवज्वर असता देऊ नये, हे मात्र वैद्याने पाहावे.

भिजवून गाळण्याची सवय कॉफीने घरात आणलीच आहे. त्या भांड्यात काय पडावे, हे सांगण्याचे काम आपले आहे.