इंग्रजीच्या तासाला मराठी हवीच

पहिल्या सत्र परीक्षेत आठवीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘वाक्य दुरुस्त करा’ हा प्रश्न पाच गुणांचा होता. बऱ्याच विद्यार्थ्यांचे त्यात दोन-तीन गुण गेले. पालक सभेत सूचना आली, की इंग्रजीच्या तासाला मराठी बंद करावी. सूचना कळकळीने केली आहे हे आम्ही जाणतो, परंतु आम्हांला ती मान्य नाही.

आम्ही पेपर पाहिले. ‘रमेश इज टॉल बट हर सिस्टर इज शॉर्ट’ अशी चूक वारंवार दिसली. बहीण स्त्रीलिंगी, म्हणून ‘हर’! ही चूक मराठीतून आलेली नाही. हिंदीत ‘उसकी बहन’, गुजरातीत ‘एनी बहेन’. त्यावरून बहीण मुलाची की मुलीची हे कळत नाही. मराठीत मात्र ‘त्याची’ आणि ‘तिची’ असे दोन शब्द आहेत, अगदी ‘हिज’ आणि ‘हर’सारखे. आमची पदवी हिंदी माध्यमातली. हिंदीत ‘वह’ दोघांनाही चालतो, त्यामुळे ‘ही’ की ‘शी’ येथे आम्ही स्वतः कित्येक वर्षे अडखळलो आहोत. मराठी मुलांनी अडखळण्याचे कारण नाही.

मराठीमुळे होणारी चूक वेगळीच आहे. ‘बाई आल्या, त्यांनी गृहपाठ दिला’ या आदराचे मुले ‘दे’ करतात. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. बाई कितीही मोठ्या असोत, तेथे ‘शी’च.

दुसरा प्रश्न समान रचनेचा. ‘आय लाइक स्विमिंग, रनिंग अँड टू राइड अ सायकल’ यात काय चुकले ते निम्म्या वर्गाला कळले नाही. तेच मराठीत सांगून पाहा: ‘मला पोहायला, धावायला आणि सायकल चालवणे आवडते.’ पाचवीतला मुलगाही हसेल आणि ‘चालवायला’ म्हणेल. कान तयार आहे, तो वापरायचा एवढेच.

‘एव्हरी स्टुडंट’पुढे ‘देअर’ लिहिणाऱ्यांचा कापलेला गुण आम्ही परत द्यायला लावला आहे. जुन्या व्याकरणात तेथे ‘हिज’ असे. आज मोठे इंग्रजी शब्दकोशही ‘देअर’ मान्य करतात. स्पर्धा परीक्षांसाठी जुना नियमही शिकवू. (आपले ‘आपापले’ किती सोयीचे!)

दादोबा पांडुरंग तर्खडकर याच सुरतेत इंग्रजी शाळेत शिकवीत. 1844 साली दुर्गाराम मेहताजींबरोबर येथे मानवधर्म सभा स्थापणारे ते हेच. त्याआधी, 1836 साली, त्यांनी इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून मराठीचे व्याकरण छापले होते. मग मराठी समोर ठेवून इंग्रजी का शिकवू नये?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या फळ्यावर दर शनिवारी दोन चुकीची वाक्ये लिहिली जातील. दुरुस्ती इंग्रजीत करायची, कारण मराठीत लिहायचे. पालकांनी ती वही रविवारी अवश्य पाहावी.