१ एप्रिलचं बिल ३१ मार्चला कसं जातं?

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण सोडू नका. यात पैसे अडकतात, आणि आपल्या उजनीकाठच्या धंद्यात ते जास्तच अडकतात.

आपल्याकडचा बराचसा धंदा रात्रीचा. कंदरची केळी रात्रीत खोक्यात भरून गाडीत चढतात. धरणातली चिलापी, रोहू, कटला बर्फात घालून उजाडायच्या आत बाजाराकडे निघते. टेंभुर्णीला हायवेवरच्या धाब्यावर दीड वाजता टेबल भरलेलं असतं. आता ताज्या केळीवर आणि ताज्या मासळीवर जीएसटी नाही, मान्य. पण त्यांना पुठ्ठ्याची खोकी विकणाऱ्याला आहे, धाबेवाल्यालाही आहे. आणि हिशोबाचं वर्ष तर सगळ्यांचंच ३१ मार्चला रात्री बाराला संपतं.

समजा, १ एप्रिल २०२५ च्या पहाटे २ वाजून १० मिनिटांनी तुम्ही मोबाईलच्या ॲपमध्ये खोक्यांचं बिल केलं. ॲपच्या आत ती तारीख म्हणजे एक जिवंत वस्तू असते. तिच्यात ३० दिवस मिळवता येतात, तिचा वार विचारता येतो. पण बिल सर्व्हरवर पाठवायचं तर ते आधी साध्या मजकुरात बदलावं लागतं. हा मजकूर बहुतेक वेळा जेसन नावाच्या पद्धतीने लिहितात. जीएसटी पोर्टलवर चढवायची जेसन फाईल तुमच्या सीएकडे पाहिली असेल, तीच ही. जेसनमध्ये आकडा, मजकूर, हो-नाही, यादी हे सगळं आहे. तारीख नावाचा प्रकारच नाही! म्हणून तारखेला मजकूर व्हावं लागतं.

जावास्क्रिप्ट ही भाषा हे काम आपणहून करते, फक्त ते जागतिक वेळेत करते. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे २:१० चं बिल मजकुरात २०२५-०३-३१, २०:४० असं उतरतं आणि शेवटी झेड हे अक्षर लागतं. झेड म्हणजे ही वेळ जागतिक आहे अशी खूण. इथपर्यंत काहीच चुकलेलं नाही. तो क्षण बरोबर आहे. परत येताना नीट उलटा बदल केला तर पुन्हा १ एप्रिल, २:१० मिळतं.

चुकतं ते पुढे. रिपोर्ट बनवणारा मुलगा म्हणतो, मला वेळ कशाला, नुसती तारीख हवी. तो त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून घेतो. झालं, बिल ३१ मार्चला गेलं. नव्या वर्षाच्या सिरीजचं पहिलं बिल जुन्या वर्षात. मार्चचा जीएसटीआर-१ महिन्याला भरणाऱ्यांना ११ एप्रिलपर्यंत द्यायचा असतो, त्यात हे बिल घुसतं आणि एप्रिलमध्ये सापडत नाही. गिऱ्हाईक विचारतं, माझ्या बिलावर १ एप्रिल छापलंय, पोर्टलवर ३१ मार्च कसं?

गंमत बघा. हा घोळ फक्त रात्री १२ ते पहाटे साडेपाच यातल्या बिलांचाच होतो. सकाळी नऊला शटर उघडून रात्री नऊला पाडणाऱ्या दुकानात तो जन्मात दिसणार नाही. ॲप बनवणारे दिवसा काम करतात आणि दिवसाच तपासतात. त्यामुळे अशी चूक सापडते ती आपल्यासारख्यांना, तीही वर्षाअखेरीला.

प्रोग्रामर मंडळी सांगतात की सगळं जागतिक वेळेतच साठवावं, तोच नियम आहे. माझं मत वेगळं आहे. यूपीआयने पैसे कधी आले, बिल कोणी कधी बदललं, हे क्षण आहेत. ते जागतिक वेळेत ठेवा, नाहीतर पुढे +०५:३० लिहून ठेवा. पण बिलाची तारीख हा क्षण नाही. ते त्या दिवसाचं नाव आहे. चेकवर आपण तारीख लिहितो, किती वाजले ते लिहितो का? मग बिलाची तारीख सरळ मजकूर म्हणूनच ठेवायची, २०२५-०४-०१ अशी, आणि बिल केल्याची वेळ वेगळ्या रकान्यात.

वर्ष आधी का? कारण मजकूर म्हणून लावला तरी क्रम बरोबर येतो. दिवस आधी लिहिला तर ०१/०५ हे ३०/०४ च्या आधी येऊन बसतं. आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हेच सांगतंय. बाहेर देताना मात्र ज्याची जशी मागणी तसं द्यावं लागतं. ई-इन्व्हॉइसच्या जेसनला ०१/०४/२०२५ लागतं, जीएसटीआर-१ च्या जेसनला ०१-०४-२०२५, आणि टॅलीच्या एक्सएमएल फाईलमध्ये मधे काहीच नसलेलं २०२५०४०१. दिवस एक, कपडे तीन. कपडे दारातच बदला, घरात एकच ठेवा.

परत येताना दुसरा खड्डा. जेसन वाचलं की तारीख आपोआप जिवंत होत नाही, मजकूरच राहते. त्यात उधारीचे ४५ दिवस मिळवायला गेलं की जावास्क्रिप्ट तक्रार न करता ४५ शेवटी चिकटवते: २०२५-०४-०१४५. मग वसुलीची आठवण कोणाला जाणार?

एक्सेलची तऱ्हा आणखी निराळी. ज्या कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग अमेरिकन आहे, तिथे ०३/०४/२०२५ म्हणजे ४ मार्च होतं. १३/०४/२०२५ त्याला कळत नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ते डावीकडे मजकूर म्हणून पडून राहतं. एकाच रकान्यात काही तारखा चुकीच्या, काही मुक्या. आणि कधी ४५७४८ असा आकडा दिसला तर घाबरू नका, एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतं, तो १ एप्रिल २०२५ च आहे. रकान्याचा फॉरमॅट तारखेचा करा, दिसेल.

बीबीएला आम्हाला जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स सगळं शिकवलं. तारीख साठवायची कशी, हे एका तासालाही कोणी बोललं नाही. आणि आता तर धंद्याची अख्खी उधारी ॲपमध्ये असते.

म्हणून ॲपचे वर्षाचे पैसे भरण्याआधी, किंवा गावातल्या पोराकडून बनवून घेत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी, एवढं करून बघा. पहाटे दोनच्या सुमाराचं एक बिल करा. सगळा डेटा बाहेर काढा, रिकाम्या खात्यात परत चढवा. बिलावरची, रिपोर्टमधली आणि परत आलेली तारीख जुळते का बघा. उधारीची शेवटची तारीखही बघा. जुळत नसेल तर पैसे थांबवा आणि बनवणाऱ्याला एवढंच विचारा की बिलाची तारीख तू क्षण म्हणून ठेवलीस की दिवस म्हणून.

मोबाईलचं घड्याळ हाताने बदलून ही टेस्ट काही ॲपवर होते. ऑनलाइन ॲप बऱ्याचदा सर्व्हरचं घड्याळ बघतं, तिथे मात्र खरंच बारानंतर बिल करावं लागेल. गाडी भरायला तुम्ही जागेच असता, त्यातच एक बिल उरकून घ्या.