पाहुण्यांची नजर आणि मजुराचा रुपया : दिल्ली एशियाड, १९८२

१/ आपल्या देशात मोठी क्रीडास्पर्धा भरणार असे कळले की अभिमान आणि धास्ती जोडीने जाग्या होतात. ‘जग आपल्याकडे पाहते आहे’ या वाक्यात दोन्ही सामावलेल्या असतात. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्यापासून ते पुन्हा कानी पडू लागले आहे. म्हणून हा धागा १९८२ च्या एशियाडविषयी.

२/ एशियाडची रूढ गोष्ट आपणां सर्वांना पाठ आहे : उड्डाणपूल, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, रंगीत दूरदर्शन, ‘अप्पू’ हत्ती. यातले काहीही खोटे नाही. मात्र ही गोष्ट निम्मीच आहे.

३/ उरलेली निम्मी सर्वोच्च न्यायालयाच्या १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात आहे. एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांची स्थिती पाहून ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने न्या. भगवती यांना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले.

४/ किमान वेतन होते दिवसाला ९.२५ रुपये. त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत; मजुराच्या हाती पडत ८.२५. स्पर्धा वेळेत पार पाडण्याच्या घाईत हा रुपया कोणाच्याच नजरेस पडला नव्हता.

५/ न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले : किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार वेठबिगारीच होय. माझ्या मते एशियाडचा सर्वांत टिकाऊ वारसा कोणतेही स्टेडियम नसून हा निकाल आहे.

६/ धास्तीची झळ मजुरांपुरती राहिली नाही. अकाली दलाने स्पर्धाकाळात दिल्लीत निदर्शनांची घोषणा केली, तेव्हा हरयाणातून जाणाऱ्या शीख प्रवाशांना सरसकट अडवून त्यांच्या झडत्या घेण्यात आल्या. निवृत्त सेनाधिकारीही त्यातून सुटले नाहीत. परक्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून स्वकीयांचा अपमान झाला.

७/ आणि ज्या प्रतिष्ठेसाठी हा खटाटोप, ती मैदानावर कोणाच्या हाती होती? १ डिसेंबरला हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरवले. उड्डाणपुलांनी त्या सायंकाळचे दुःख हलके केले नाही.

८/ ‘गरीब देशाने एवढे करून दाखवले, हे थोडे का?’ असा प्रतिवाद होईल. त्याला १९५१ चे उत्तर आहे. पहिल्या आशियाई स्पर्धा दिल्लीतच झाल्या; ११ देश आले. त्या वेळी आपण कितीतरी अधिक गरीब होतो.

९/ भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ साली उभे राहिलेले आयर्विन अँफिथिएटर ‘नॅशनल स्टेडियम’ या नावाने वापरले गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ज्या जपानला प्रवेश नव्हता, तो येथे सन्मानाने खेळला. सचिन नाग यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळवले, फुटबॉलचे सुवर्णही आपलेच. आपण दुसरे आलो.

१०/ २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी वस्त्या झाकण्यासाठी बांबूचे पडदे लागले. उद्घाटनाला दोन आठवडेही नसताना मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि मजूर जखमी झाले. १९८२ चा धडा आपण गिरवलाच नव्हता.

११/ यजमानपद अवश्य घ्यावे. माझा आक्षेप त्याला नाही. परंतु पाहुण्यांच्या नजरेत उतरू या भीतीने जो देश आपल्याच माणसांना झाकतो, अडवतो, कमी मोल देतो, त्याच्या अभिमानाला मी अभिमान म्हणणार नाही. अहमदाबादची स्टेडियमे पाहताना मजुरांचे हजेरीपुस्तकही मागा. तसे विचारणाऱ्यास कोणी देशद्रोही म्हटलेच, तर त्याला १९८२ चा निकाल वाचायला द्या.