टाके पिकले, दोष भाताचा

सिझर होऊन आठवा-नववा दिवस. बाळंतीण माहेरी आलेली. टाक्यांच्या कडेला आधी लाली, मग ओल, मग पट्टीला पिवळट डाग. घरातला पहिला प्रश्न ठरलेला : ‘भात खाल्लास ना?’ गल्लीतले डॉक्टर टाका मोकळा करून पू काढतात, महागडी इंजेक्शने लिहून देतात. जिथे पोटावर सुरी फिरली, त्या रुग्णालयाच्या दप्तरी मात्र शस्त्रक्रिया यशस्वीच राहते.

भात निर्दोष आहे. चौकशी करायचीच तर आदल्या संध्याकाळी ब्लेड घेऊन येणाऱ्या वॉर्डातल्या मामांपासून करा. ब्लेडने कातडीवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि रातोरात जंतू त्यांत ठाण मांडतात. केस काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपर वापरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये बजावले. प्रतिजैविक चीर देण्याआधीच्या दोन तासांत द्या आणि शस्त्रक्रिया संपली की लांबवू नका, हेही तेव्हाच सांगितले. आपल्याकडे आधीचा डोस घाईत राहतो आणि नंतर पाच-सात दिवस गोळ्यांचा मारा होतो. थिएटरातल्या स्वच्छतेची कसर गोळ्यांनी भरून निघत नाही. औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे पोसले जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) दिल्लीतील एम्सचे ट्रॉमा सेंटर, मणिपालचे कस्तुरबा आणि मुंबईचे टाटा मेमोरियल येथे शस्त्रक्रिया झालेल्या ३,०२० रुग्णांचा पाठपुरावा केला. १६१ जणांच्या जखमेत संसर्ग निघाला. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश घरी गेल्यानंतर सापडले, तेही कुणीतरी विचारत राहिले म्हणून. ही झाली नावाजलेली रुग्णालये. तालुक्याच्या गावी, दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये कोण विचारतो? इंग्लंडमध्ये मात्र हाडांच्या शस्त्रक्रियांनंतरच्या संसर्गाची मोजदाद २००४ पासून सक्तीची आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सरकार स्वतः पैसे मोजते. मग तिसाव्या दिवशी रुग्णाला फोन करून जखमेची नोंद ठेवणे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक करायला हरकत कोणाची? बाळंतिणीसाठी तर फोनचीही गरज नाही. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या दारी येतच असतात, बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्यांच्या वहीत आईच्या टाक्यांसाठी एक रकाना वाढवा. त्याचा मोबदला वेगळा द्या, हे ओघाने आलेच. आणि त्या रकान्यासमोर सिझर जिथे झाले, त्या रुग्णालयाचे नाव लिहायला लावा.